बेर्झे-ला-व्हिल: क्लुनीच्या मठाधिपतीच्या शेतवाडीवरचं चॅपल

पडवी | १४ जून, रात्री १०:४०

एप्रिलअखेर आई-बाबा लिओंला आमच्याकडे आले होते. पॅरिस आधीच झालं होतं आणि तिथल्या रांगांना बाबा वैतागले होते. "पोलीस तपासणीला दीड तास आणि देवाला पाच मिनिटं, यापेक्षा पंढरपूर बरं" असं म्हणाले. बाबांनी ३४ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. म्हणून ठरवलं, गर्दी नसेल आणि भिंतीवर खरंखुरं जुनं काम असेल अशा ठिकाणी न्यायचं.

लिओंच्या उत्तरेला बर्गंडीत, माकों आणि क्लुनी या गावांच्या मधे, द्राक्षमळ्यांच्या उतारावर बेर्झे-ला-व्हिल नावाचं खेडं आहे. तिथे 'शापेल दे म्वान' म्हणजे भिक्षूंचं चॅपल आहे, बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं, रोमनेस्क. चॅपल म्हणजे देवघर आणि देऊळ यांच्या मधलं काहीतरी. गावाचं चर्च नव्हे. क्लुनीच्या मठाची इथे शेतवाडी होती. मठाधिपती ह्यू (१०४९ ते ११०९ इतकी वर्षं गादीवर!) म्हातारपणी इथे येऊन राहत. आमच्याकडे सरदार लोक मळ्यातल्या वाड्यावर जाऊन राहायचे, त्यातलाच प्रकार. ते इथे असताना वाड्यावर वीज पडली आणि ते वाचले, असाही एक किस्सा सांगतात.

आधी फजिती सांगते. बेर्झे दोन आहेत. मी गाडीत नुसतं 'बेर्झे' घातलं आणि आलेला पहिला पर्याय दाबला. पोचलो ते बेर्झे-ल-शातेलला, म्हणजे किल्ल्याच्या बेर्झेला. किल्ला झकास आहे, पण चॅपल काही दिसेना. आईने गाडीतूनच निकाल दिला, "बुद्रुक आणि खुर्द असणार, तू खुर्दला आणलंस." अगदी तेच! 'व्हिल' म्हणजे इथे शहर नाही. मूळ लॅटिन 'व्हिला', म्हणजे शेतवाडी. एक किल्ल्याचं बेर्झे, एक वाडीचं. परत फिरून योग्य बेर्झेला येईतो बारा वाजून गेले आणि दुपारची सुट्टी झालेली. मग बाहेरच्या दगडी कठड्यावर बसून दशम्या आणि शेंगाचटणी. खाली मळे, वर ऊन, आजूबाजूला चिटपाखरू नाही. मला वाटतं आईची सहल तिथेच वसूल झाली.

बाहेरून चॅपल म्हणजे काहीच नाही. पिवळट दगडाची साधी इमारत, अर्धगोल मागची बाजू, चिंचोळ्या खिडक्या. आपण वखार समजून पुढे जाऊ. इमारत दुमजली आहे, खाली एक खोली आणि वर चॅपल. आत शिरलात की पहिली दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावतात आणि मग समोरची अर्धघुमटी हळूहळू उजळते. मधोमध बदामी आकाराच्या प्रभावळीत बसलेला ख्रिस्त, जवळजवळ चार मीटर उंच. तो त्याच्या पट्टशिष्याच्या, पीटरच्या हाती गुंडाळी देतोय. दोन्ही बाजूंना शिष्यांची दाटी. खोली एवढीशी आणि ख्रिस्त एवढा मोठा, त्यामुळे आपण सभागृहात उभे आहोत असं वाटतच नाही, कुणाच्या तरी पुढ्यात उभे आहोत असं वाटतं.

आईने दारात सवयीने चपला काढल्या होत्या. फरशी बर्फासारखी. तिकिटवाल्या बाईंनी हातानेच "घाला, घाला" केलं, तरी आईने नाहीच घातल्या.

बाबा मात्र ख्रिस्ताकडे बघतच नव्हते. ते कपड्यांच्या चुण्यांकडे बघत होते. चुणीच्या उंचवट्यावर पांढऱ्या रंगाच्या बारीक, एकमेकींना चिकटून ओढलेल्या रेघा आहेत, फणीने विंचरल्यासारख्या. गुडघा जिथे पुढे आलाय तिथे त्या रेघा वळतात आणि सपाट भिंतीला गुडघा फुटतो. "हा हात शिकलेला आहे. एका दमात ओढलीय, कुठे थरथर नाही," असं म्हणून त्यांनी वही काढली आणि चाळीस मिनिटं तिथून हलले नाहीत.

ही शैली फ्रान्सच्या खेड्यातली वाटत नाही, बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या वळणाची आहे. इटलीमार्गे, रोम आणि मोंते कासिनोच्या मठाकडून ती इथवर आली असं जाणकार मानतात. क्लुनीच्या प्रमुखाला युरोपभरचे कारागीर बोलावणं काही अवघड नव्हतं.

आता मुद्दा. आम्ही संध्याकाळी क्लुनीला गेलो. १०८८ मधे सुरू झालेलं तिथलं तिसरं चर्च १८७ मीटर लांब होतं. रोमचं नवं सेंट पीटर उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठं काही नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९८ मधे ते विकलं, सुरुंग लावून पाडलं आणि पुढची पंचवीसएक वर्षं लोकांनी दगडाची खाण म्हणून वापरलं. आज दक्षिणेकडची एक बाजू आणि एक मनोरा उभा आहे, सगळं मिळून दहावा हिस्साही नाही. भिंतींवरची चित्रं तर गेलीच. म्हणजे क्लुनी ऐन भरात असताना तिथले चितारी काय काढत होते, ते बघायचं तर क्लुनीला नाही, या शेतवाडीवर यावं लागतं. मला हे फार विचित्र वाटलं. राजवाडा गेला आणि मळ्यातलं देवघर राहिलं.

कुणी जाणार असेल तर विचारा. पुढच्या वर्षी सासू-सासऱ्यांना घेऊन परत जायचा विचार आहे.

---

सोनचाफा_१२ | १४ जून, ११:२५

मस्त लिहिलंयस. वाचनखूण साठवली आहे. फोटो?

---

पडवी | १४ जून, ११:३१

फोटो नाहीत गं, सगळे बघण्यात गुंग. बाबांच्या वहीतली दोन पानं उद्या टाकते.

---

कोरडा_खोकला | १५ जून, सकाळी ८:०२

लेख छान, पण एक प्रामाणिक प्रश्न. एका खोलीएवढ्या चॅपलसाठी अख्खा दिवस? आम्ही युरोपात नऊ दिवसांत सहा देश केले, त्यात अकरा चर्चेस झाली. बाराव्याला बायको बसमधून उतरलीच नाही. आतून सगळी सारखीच दिसतात. (ह. घ्या.)

---

पडवी | १५ जून, ९:१५

खोकलेसाहेब, अकरा चर्चेस बघितल्यामुळेच ती सारखी दिसतात. एकच बघा.

---

खडूफळा | १५ जून, दुपारी १:४०

एक शंका. रोमनेस्क म्हणजे रोमन का? रोमन साम्राज्य तर पाचव्या शतकातच आटोपलं होतं ना?

---

दगडीचाळ | १५ जून, ३:१०

@खडूफळा, रोमन नाही, 'रोमनांच्या वळणाचं'. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी मागाहून चिकटवलेलं नाव. बांधणाऱ्यांना आपण रोमनेस्क बांधतोय याचा पत्ता नव्हता, जसा हेमाडपंती देवळं बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेमाद्रीशी काही संबंध नव्हता. साधारण इ.स. १००० ते ११५० आणि काही भागांत आणखी पुढे. जाड भिंती, लहान खिडक्या, अर्धगोल कमानी, वर नळीच्या आकाराचं दगडी छत. छताचा भार बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलतो, म्हणून भिंती जाड. भिंतीत मोठं भोक पाडलं तर ती कमजोर होणार, म्हणून खिडक्या लहान. त्यामुळे आत अंधार. पण त्यामुळेच रंगवायला सलग भिंत मिळते! पुढे गॉथिकवाल्यांनी भार खांबांवर आणि बाहेरच्या टेकूंवर घेतला, भिंतीच्या जागी काचा बसवल्या आणि भिंतचित्रांची जागाच गेली.

आता कुणीतरी म्हणेल, गोल कमान रोमनेस्क आणि टोकदार कमान गॉथिक. परीक्षेत लिहायला ठीक आहे. पण पडवीताईंनी ज्या १८७ मीटरच्या चर्चबद्दल लिहिलंय, त्या क्लुनीत टोकदार कमानी होत्या आणि तरी ते रोमनेस्कच. कमान बघून शिक्का मारू नका.

---

खडूफळा | १५ जून, ३:२२

दंडवत. हे शाळेत कुणी असं सांगितलं असतं तर!

---

दगडीचाळ | १५ जून, ३:५०

आणि अवांतर: ह्यू क्लुनीत गादीवर असतानाच, १०६० मधे, आपल्याकडे अंबरनाथचं शिवमंदिर झालं. शिलालेखात शके ९८२ आहे. तिकडे कमानी रचत होते आणि इकडे दगडावर दगड थोडा थोडा पुढे सरकवत छत मिटवत होते. दोघांचे प्रश्न तेच, उत्तरं वेगळी.

---

रंगारी_बुवा | १५ जून, रात्री ९:०५

पडवी, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्या रेघांबद्दल त्यांनी जे पाहिलं ते शंभर टक्के बरोबर आहे. मी भित्तिचित्रांच्या जतनाचं काम करतो (भारतात), बेर्झेला एकदाच गेलोय.

निळ्या रंगाकडे लक्ष गेलं का? पार्श्वभूमीचा निळा. तो लाजवर्द आहे, म्हणजे त्या नावाचा निळा दगड कुटून केलेला रंग. त्या काळी युरोपात लाजवर्द मिळायचा तो एकाच ठिकाणचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला. गाढवावरून, उंटावरून, जहाजातून, हातोहात फिरत तो बर्गंडीच्या या शेतवाडीवर आला. अजिंठ्यातला निळासुद्धा लाजवर्दच, आणि तोही त्याच डोंगरांतून आलेला, पाचव्या शतकात. म्हणजे लेणी क्रमांक १ बघून आलेल्या माणसाने बेर्झेत निळा बघितला तर तो एकाच खाणीचा माल बघतोय.

तंत्र मात्र वेगळं. अजिंठ्यात मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि रंग सुक्यावर, डिंकासारखं काहीतरी घालून. बेर्झेत चुन्याचा गिलावा, काही काम ओल्यावर आणि बरंच सुक्यावर. लाजवर्द महाग, त्यामुळे तो शेतवाडीच्या देवघरात वापरणं म्हणजे काय ऐपत असेल बघा.

---

पडवी | १५ जून, १०:२०

@रंगारी_बुवा, बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं (ते आता इस्लामपुरात, फोनवर). पाच सेकंद गप्प, मग म्हणाले, "आम्ही मुलांना निळा म्हणून दोन रुपयांची वडी द्यायचो."

---

कोरडा_खोकला | १६ जून, ७:५५

हे निळ्याचं प्रकरण माहीत नव्हतं. पण मग ही चित्रं क्लुनीसारखी नष्ट कशी झाली नाहीत?

---

रंगारी_बुवा | १६ जून, ८:४०

चुन्यामुळे वाचली. कधीतरी कुणीतरी वरून चुना फासला. क्रांतीनंतर मठाची मालमत्ता विकली गेली आणि चॅपल शेतावरची एक इमारत होऊन बसलं. चित्रं आहेत हे कुणाच्या गावीही नव्हतं. १८८७ मधे गावच्या पाद्र्याला, फिलिबेर झोलिव्हेला, चुन्याखाली रंग दिसला आणि त्याने तो उघडायला सुरुवात केली. काही वर्षांतच सरकारी संरक्षित यादीत नाव लागलं, तरी इमारत खाजगीच होती. १९४७ मधे जोन इव्हान्स या इंग्रज इतिहासकार बाईंनी, ज्यांनी क्लुनीच्या कलेवर आयुष्य घालवलं, ती विकत घेतली आणि माकोंच्या अकादमीला देऊन टाकली. आजही ती अकादमीकडेच आहे.

आमच्या धंद्यात चुन्याला शिव्या देतात, कारण तो खरवडताना रंग जातो. पण त्यानेच उन्हा-धुरापासून झाकून ठेवलेलं असतं. शिव्या देऊन झाल्यावर आम्ही मनातल्या मनात आभारही मानतो.

---

तिरफळ | १६ जून, दुपारी १२:१५

बाजूच्या कोनाड्यांतल्या चित्रांबद्दल कुणीच काही बोललं नाही! तिथे दोन हुतात्मे आहेत ना? एक ब्लेझ असावा असं वाचल्याचं आठवतं.

---

पडवी | १६ जून, १२:५०

हो. उजवीकडे एकाला जाळीवर भाजतायत, लांब दांड्यांनी दाबून धरलंय. आईने तिकडे पाठ केली. डावीकडे ब्लेझ.

---

दगडीचाळ | १६ जून, १:३०

जाळीवरचा तो लॉरेन्स असं जुन्या पुस्तकांत आहे, आता सारागोसाचा व्हिन्सेंट मानतात. दोघांच्याही कथेत जाळी आहे, म्हणून घोळ. व्हिन्सेंट म्हणजे बर्गंडीतल्या द्राक्षवाल्यांचा संत. २२ जानेवारीला त्याचा दिवस, आणि त्या सुमाराला दर वर्षी वेगळ्या गावी मोठी मिरवणूक काढून सण करतात. मळ्यांच्या मधोमध त्याचं चित्र असणं जागेला शोभतं.

---

तिरफळ | १६ जून, २:०५

आणि ब्लेझ आमचा! गोव्यात गवंडाळीला त्याचं चर्च आहे, सां ब्राझ. ३ फेब्रुवारीला फेस्त. दुब्रोव्हनिकचा ग्रामदेव म्हणजे हाच, आणि तिकडच्या व्यापाऱ्यांनी गवंडाळीचं चर्च बांधलं असं आमच्याकडे सांगतात. माझ्या आज्येच्या म्हणण्याप्रमाणे घशात काटा अडकला की याचं नाव घ्यायचं. कथा अशी की एका पोराच्या घशात माशाचा काटा अडकला, तो याने काढला. म्हणून गळ्याच्या दुखण्यांचा संत. त्याच्या दिवशी पाद्री दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून गळ्याला लावतात. मासे खाणाऱ्या मुलखाला हा संत हवाच.

@कोरडा_खोकला, तुमच्या आयडीचं दैवत आहे हे. जाऊन या.

---

कोरडा_खोकला | १६ जून, २:२०

😂 आता जावंच लागणार दिसतंय.

---

तिरफळ | १६ जून, २:४५

अजून एक. ब्लेझच्या गोष्टीत एक गरीब विधवा आहे. तिचं एकुलतं एक डुक्कर लांडग्याने पळवलं, ब्लेझने लांडग्याला दटावलं, लांडग्याने डुक्कर परत आणून दिलं. पुढे ब्लेझ तुरुंगात पडल्यावर बाईने तेच डुक्कर मारलं आणि डोकं शिजवून त्याला नेऊन दिलं. (लहानपणी मला हे अजिबात पटायचं नाही. वाचवलं कशाला मग?) बेर्झेच्या चित्रात हा प्रसंग आहे म्हणतात. पडवी, दिसलं का?

---

पडवी | १६ जून, रात्री ९:३०

आत्ता वही उघडून बघितली. बाबांनी डावा कोनाडा काढलाय. तुरुंग आहे, आत ब्लेझ आहे, बाहेर एक बाई आहे. तिच्या हातात काय आहे ते मात्र बाबांनी नुसता गोल काढून सोडून दिलंय. फोन करून विचारलं. म्हणाले, "मला पाव वाटला."

---

तिरफळ | १६ जून, ९:४५

पाव! 🤦

---

ओसरी_लंडन | १७ जून, ३:३०

इंग्लंडात राहणाऱ्यांसाठी: हेरफर्डशरमधलं किल्पेक बघा. ११४० च्या आसपासचं छोटं चर्च, शेतांच्या मधे. चित्रं नाहीत, पण छताच्या कडेखाली दगडी मुंडकी आहेत, ८५ शिल्लक. कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी आहेत, अगदी आजच्या व्यंगचित्रातले वाटतात. एक बाई अशा काही अवस्थेत आहे की आमचे सासरे "वा, छान नक्षी" म्हणत थेट गाडीकडे गेले.

---

बार्सिलोनाकर | १७ जून, संध्याकाळी ६:१०

आमच्याकडची उलटी गोष्ट. पिरेनीजमधल्या बोई खोऱ्यातलं ताउल, सां क्लिमेंत, ११२३ चं. तिथला ख्रिस्त तुम्ही कुठे ना कुठे बघितला असेलच. पण तो तिथे नाही. १९१९ ते १९२३ मधे तिथल्या चर्चेसमधली चित्रं कापड आणि सरस लावून भिंतीवरून सोलून काढली आणि बार्सिलोनाला आणली. परदेशी व्यापारी विकत घेऊन पळवत होते, त्यामुळे नाइलाज होता. आता मूळ चित्र शहरातल्या संग्रहालयात आणि गावात भिंतीवर प्रकाशाने दाखवतात. मी दोन्ही पाहिलीत. संग्रहालयात चित्र जवळून दिसतं. पण बाहेर पडल्यावर डोंगर नसतो, लिफ्ट असते. बेर्झेला जागच्या जागी आहे हे मोठं भाग्य.

---

सोनचाफा_१२ | १७ जून, ७:००

गाडी नसेल तर कसं जायचं? आम्ही दोघी बहिणी सप्टेंबरमधे पॅरिसला आहोत.

---

पडवी | १७ जून, ९:१०

पॅरिसच्या गार द लिओंवरून टीजीव्हीने (वेगवान रेल्वे) माकों-लोशेला या, साधारण पावणेदोन तास. तिथून टॅक्सी, किंवा माकों-क्लुनी बस ला क्रोआ ब्लांशला थांबते का बघा. ती वस्ती गावाच्या पायथ्याशीच आहे, वर चढत जायचं.

पण दोघी धडधाकट असाल तर सायकल! जुन्या रेल्वेच्या जागी 'व्होआ व्हेर्त' नावाचा सायकलरस्ता आहे. क्लुनीला सायकल भाड्याने घ्यायची आणि दक्षिणेला यायचं. वाटेत बोआ क्लेरचा जुना रेल्वे बोगदा लागतो, १.६ किलोमीटर. आत दिवे आहेत, पण भर उन्हाळ्यातही हुडहुडी भरते, जॅकेट घ्या. हिवाळ्यात बोगदा वटवाघळांसाठी बंद ठेवतात, तेव्हा डोंगरावरून जावं लागतं. चॅपलही हिवाळ्यात बंद असतं, त्यामुळे तारखा आणि वेळा आधी नक्की बघून निघा. आणि दुपारची सुट्टी विसरू नका. दशम्या सोबत असल्या तर प्रश्नच नाही.

---

सोनचाफा_१२ | १७ जून, ९:२५

ठरलं. सायकल, जॅकेट, दशम्या.

---

कोरडा_खोकला | २९ ऑक्टोबर, रात्री ११:५०

धागा वर काढतोय. ऑफिसच्या कामाने जिनिव्हाला आलो होतो, शनिवार रिकामा मिळाला. बायको भारतात, त्यामुळे बसमधून न उतरणारं कुणी नव्हतं.

क्लुनीहून सायकलने गेलो. जॅकेट हॉटेलवर विसरलो. बोगद्यात दात असे वाजले की समोरून येणाऱ्या आजोबांनी माझ्याकडे बघून घंटी वाजवली. पलीकडे बाहेर पडलो तर मळे सगळे पिवळे-तांबडे. मग चढ. चढाबद्दल धाग्यात फार थोडं लिहिलंय, याची नोंद घ्यावी.

आत मी एकटाच होतो. पाऊण तास. पडवीताई, पुढ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं हे खरं आहे, मला जरा अवघडल्यासारखंच झालं. मग कडेला सरकलो आणि निळा बघितला. सगळीकडे सारखा नाहीये. काही ठिकाणी उडून गेलाय, काही ठिकाणी इतका गडद की काळा वाटतो.

मग डावा कोनाडा. मान दुखेपर्यंत बघितलं. आधी मलाही पावच वाटला. दोन पावलं मागे आलो, परत पुढे गेलो.

@तिरफळ, @पडवी: बाबांना सांगा, पाव नाही. कान आहेत.